ठोसा आणि नकार

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून झाला की आमच्याकडे उरलेले नारळ लढवतात. हर्णै, पाजपंढरी, आंजर्ले, कुठेही जा, रीत तीच. एकाने आपला नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपला त्यावर हाणायचा. फुटला तो हरला, आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याच्या पिशवीत. जाणता माणूस आदल्या दिवशीच दुकानातल्या ढिगासमोर उकिडवा बसतो, एकेक नारळ कानाशी नेतो, नखाने टिचकी मारतो, हातात तोलतो आणि दहातले नऊ परत टाकतो. दुकानदार वैतागतो, पण बोलत नाही. उद्या त्यालाही लढवायचा असतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या वाडीतल्या एका पोराच्या नारळाने लागोपाठ अकरा फोडले. अकराव्याला कोणीतरी ओरडलं, "अरे ह्यो नारळ नाय, मोहम्मद अली हाय!" त्यावर सणाला मुंबईहून आलेला माझा भाचा म्हणाला, "अली कसला? मेवेदर म्हणा. पन्नास लढला, पन्नास जिंकला. अली पाच वेळा हरलाय." झालं. कोणी टायसनच्या बाजूने, कोणी अलीच्या, एकाने तर ब्रूस ली काढला. रात्री पडवीत पानं मांडून झाली, नारळीभात निवत आला, तरी मिटेना.

मी तेव्हा गप्प बसलो होतो. आता बोलतो. रिंगणातला सर्वश्रेष्ठ अली नव्हता. आणि ज्या गोष्टीमुळे तो सर्वश्रेष्ठ ठरतो, तिचं श्रेय बॉक्सिंगने घेऊ नये.

आधी भाच्याच्या आकड्याचं. मेवेदरची ५०-० ही कमाई काही खोटी नाही. त्याच्यासारखा बचाव फार थोड्यांना जमला. पण समोर कुठला नारळ घ्यायचा आणि कधी घ्यायचा हे ज्याच्या हातात असतं, त्याची वही स्वच्छ राहते. पॅकियाओशी त्याची लढत लोक २००९ पासून मागत होते. झाली ती २०१५ मध्ये, दोघांची ऐन उमेद सरल्यावर. उलट अलीच्या ६१ लढतींतल्या पाच हारी बघा. फ्रेझर, नॉर्टन आणि स्पिंक्स यांच्याकडून तो हरला, पण तिघांचंही उट्टं त्याने नंतर काढलं. उरलेल्या दोन, १९८० ची होम्सविरुद्धची आणि १९८१ ची बर्बिकविरुद्धची, मुळात व्हायलाच नको होत्या. तेव्हा हारी मोजून श्रेष्ठ ठरवायचा हिशेब इथेच बाद.

तरीही नुसते हात आणि पाय बघायचे असतील तर माझं मत शुगर रे रॉबिन्सनला. १९४० ते १९६५ या काळात हा माणूस जवळपास दोनशे व्यावसायिक लढती लढला. १९४३ मध्ये जेक लामोटाकडून हरल्यावर १९५१ च्या जुलैपर्यंत तो सलग ९१ लढतींत हरला नाही. लामोटा त्याच्याहून वजनदार, आणि त्याच्याशी रॉबिन्सन एकूण सहा वेळा भिडला, पाच वेळा जिंकला. वेगवेगळ्या वजनांच्या बॉक्सरांना एका तागडीत तोलायला 'पाउंड फॉर पाउंड' असं जे म्हणतात, ते रुळलं मुख्यतः याच्यामुळे. १९५७ च्या मे महिन्यात शिकागोत त्याने जीन फुलमरला पाचव्या राऊंडमध्ये झोपवलं, तो डावा हुक आजही मिळतो पाहायला. पस्तिशीतला रॉबिन्सन मागे सरकतोय, म्हणजे ज्या वेळी ठोशात जोर असूच नये त्या वेळी, आणि त्याच पावलावर हात फिरतो. फुलमर त्याआधी कधीच नॉकआउट झाला नव्हता. खुद्द अली रॉबिन्सनला गुरुस्थानी मानायचा. यापुढे मी या मुद्द्यावर वाद घालणार नाही. तुमचा रॉय जोन्स, तुमचा दुरान, तुम्हाला लखलाभ.

मग जगभर, अगदी हर्णैच्या पुळणीवरसुद्धा, तोंडात नाव अलीचंच का येतं?

२८ एप्रिल १९६७, ह्यूस्टन. व्हिएतनाम युद्धाचे दिवस. सैन्यभरतीच्या केंद्रात 'कॅशियस क्ले' असं अलीचं मूळ नाव पुकारलं जातं. नाव पुकारलं की एक पाऊल पुढे टाकायचं, इतकंच करायचं असतं. त्या एका पावलाने माणूस सैनिक होतो. पुन्हा पुकारतात. तो जागचा हलत नाही. जगज्जेता, वय पंचवीस, एकही हार नाही. व्हिएतकाँगशी माझं काही भांडण नाही, असं त्याने वर्षभर आधीच सांगून टाकलं होतं. किताब काढून घेतला गेला, लढायचे परवाने गेले, जूनमध्ये पाच वर्षांची शिक्षा आणि दहा हजार डॉलर दंड. अपील चालू असल्याने तुरुंगात जावं लागलं नाही, पण १९६७ च्या मार्चपासून १९७० च्या ऑक्टोबरपर्यंत तो रिंगणाबाहेर होता. बॉक्सरच्या आयुष्यातली ही साडेतीन वर्षं म्हणजे आंब्याच्या बागेचा मोहोर. गेला की तो हंगाम गेलाच. १९७१ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी शिक्षा रद्द केली. पाय मात्र परत देता आले नाहीत. १९६६ मध्ये समोरच्याला हात लावू न देणारा अली त्यानंतर कोणी पाहिला नाही. नंतरचा अली मार खाऊन जिंकायला शिकला. १९७४ मध्ये किन्शासाला दोराला टेकून फोरमनचे घाव अंगावर घेत राहिला आणि आठव्या राऊंडला त्याला पाडलं. आपण त्या युक्तीचं कौतुक करतो. ती कुठल्या गरजेतून आली, हे विसरतो.

दापोलीच्या आसपास वाढलेल्या माणसाला ही कहाणी जरा उलटी ऐकू येते. आमचं दापोली म्हणजे मूळचा कॅम्प, पेन्शनर शिपायांचं गाव. इंग्रजांच्या मुंबई लष्करात कोकणातले महार मोठ्या संख्येने होते. पुढे 'लढाऊ जमाती'चं खूळ साहेबाच्या डोक्यात शिरलं आणि १८९० च्या दशकात त्यांची भरती बंद झाली. त्याविरुद्ध अर्ज लिहिला तो गोपाळबाबा वलंगकरांनी, महाडजवळच्या रावढुळच्या, स्वतः फौजेतून निवृत्त झालेल्या माणसाने. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही पेन्शनीनंतर काही काळ दापोलीत राहिले. शेवटी महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये. इथे सैन्यात घ्या म्हणून पन्नास वर्षं झगडा, आणि तिकडे सैन्यात जाणार नाही म्हणून तुरुंगाची तयारी. कोणी म्हणेल, ही दोन टोकं झाली. मला नाही तसं वाटत. वलंगकर काय आणि अली काय, सरकारला एकच विचारत होते: अंग माझं मागताय, मग माणसांत मला धरताय का? एकाच्या माणसांना फौजेचं दार बंद केलं होतं आणि दुसऱ्याला ओढून नेत होते, एवढाच फरक.

नावाचंही तसंच. १९६४ मध्ये तेव्हाच्या जगज्जेत्या लिस्टनला हरवून त्याने धर्म आणि नाव जाहीर केलं, पण कित्येक वृत्तपत्रं पुढे वर्षानुवर्षं 'क्ले'च छापत राहिली. माझ्या आजोबांच्या काळी आमच्या गावात काही घरांतल्या माणसांना आडनाव नसायचंच. हाक मारायची ती जातीने. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना नावावरून एवढं रामायण का, हे वेगळं समजवावं लागत नाही. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावाच्या नावातून आलेलं आडनाव पुढे काय होऊन बसलं, हे तर साऱ्यांनाच ठाऊक आहे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. ही माणसं एकमेकांना लांबून ओळखत होती.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मी अलीची आरती ओवाळतोय. आमच्या तात्यांनी ऐकलं असतं तर मला मध्येच थांबवलं असतं. तात्या म्हणजे माझे चुलते. पंचवीस वर्षं बोटीवर खलाशी. घरी आले की आमच्यासाठी चॉकलेटं आणि स्वतःसाठी जुनी इंग्रजी मासिकं आणायचे. वाचता फारसं येत नसे, फोटो बघायचे. त्यांच्या पेटीच्या झाकणाला आतून एका बॉक्सरचा फोटो चिकटवलेला होता, आणि तो अलीचा नव्हता, अलीचा प्रतिस्पर्धी जो फ्रेझर याचा होता. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, "अली बोलायचा भारी. पन आपल्याच मानसाला वांदर म्हनाला, ते काय माला पटलं नाय."

तात्यांचं म्हणणं खोडता येत नाही. फ्रेझर साउथ कॅरोलिनातल्या शेतमजुराचा पोर, बारा भावंडांतला शेवटचा, फिलाडेल्फियात कत्तलखान्यात राबलेला. अलीवर बंदी होती तेव्हा त्याचा परवाना परत मिळावा म्हणून याने शब्द टाकला, पैशाचीही मदत केली. अलीने परतफेड काय केली? त्याला गोऱ्यांचा हुजऱ्या ठरवलं, गोरिला म्हणून हिणवलं, १९७५ मध्ये मनिलाच्या लढतीआधी रबरी खेळणं खिशातून काढून त्याला बुक्के मारून दाखवले. तिकिटं खपली. फ्रेझर ते मरेपर्यंत विसरला नाही. वर्णद्वेषाविरुद्ध उभा राहिलेला माणूस वर्णद्वेषाचीच शिवी आपल्याहून गरीब, आपल्याहून काळ्या माणसाला देतो आणि बॉक्सिंगचा धंदा त्यावर गल्ला भरतो, हाही त्या सामाजिक वारशाचाच भाग आहे. १९६७ मध्ये टेरेल नावाच्या बॉक्सरने अलीला क्ले म्हटलं म्हणून "माझं नाव काय?" असं विचारत पंधरा राऊंड त्याला बडवला, तेव्हाही प्रश्न बरोबर होता. बडवण्याची ती रीत मात्र मला आजही बघवत नाही.

आता श्रेयाचं. बॉक्सिंगची बाजू घेणारे सांगतात, या खेळाने पिचलेल्यांना वर यायला शिडी दिली. जॅक जॉन्सनचं उदाहरण देतात. १९०८ मध्ये तो पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला. १९१० च्या ४ जुलैला रीनो गावात त्याने गोऱ्या जेफ्रीजला हरवलं आणि त्या रात्री अमेरिकेत गावोगाव दंगली पेटल्या, काळी माणसं मारली गेली, लढतीच्या चित्रफितीवर ठिकठिकाणी बंदी आली. तीन वर्षांनी गोऱ्या बाईबरोबरच्या संबंधांवरून त्याला दोषी ठरवलं. माफी मिळाली २०१८ मध्ये, मेल्यावर सात दशकांनी. जो लुई नावाच्या दुसऱ्या कृष्णवर्णीय जगज्जेत्याने काहीच आगळीक केली नाही. १९३८ मध्ये त्याने जर्मन श्मेलिंगला १२४ सेकंदांत लोळवलं, महायुद्धात खुशीने सैन्यात गेला, दोन लढतींची कमाई लष्कराच्या आणि नौदलाच्या मदतनिधीला दिली. युद्ध संपल्यावर करखात्याने त्याच्या मागे असा तगादा लावला की जगज्जेता लुई म्हातारपणी लास वेगासच्या जुगारघरात दारात उभा राहून गिऱ्हाइकांशी हस्तांदोलन करत होता. त्याच्या अंत्यविधीच्या खर्चाला हातभार लावला तो श्मेलिंगने.

म्हणजे नाही म्हणणाऱ्याचं जे झालं, ते हो म्हणणाऱ्याचंही फारसं चुकलं नाही.

आणि शिडी म्हणाल, तर त्या शिडीवर कोण कोण उभं होतं ते बघा. अमेरिकेत आधी आयरिश, मग ज्यू आणि इटालियन, मग कृष्णवर्णीय, मग मेक्सिकन. एकेका जमातीच्या पोरांना दुकान, कॉलेज, कचेरीची वाट सापडली की ती रिंगणातून नाहीशी झाली. वकिलाचा मुलगा डोक्यावर ठोसे खाऊन पोट भरत नाही. आपल्याला हे कळायला कठीण जाऊ नये. कोकण दोन-तीन पिढ्या मनीऑर्डरीवर जगलं. चाकरमानी गिरणीत गेला, गोदीत गेला, बोटीवर गेला. गिरणीच्या कापसाने फुप्फुसं भरली त्याला आपण कधी गिरणीची थोरवी म्हटलं नाही. गिरणीने घरं चालवली, हे खरंच. पण दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून चालवली.

अकरा फोडणाऱ्या त्या नारळाचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. विजेता म्हणून तो देव्हाऱ्याजवळ ठेवला होता. चार दिवसांनी आत्याने सोलकढीसाठी काढला. बाहेरून ओरखडासुद्धा नव्हता. कोयतीच्या पहिल्याच टोल्याला त्याचे चार तुकडे झाले. करवंटीला आतून केसांसारख्या भेगा, पाणी आंबलेलं, खोबरं कडेने गुलाबी पडलेलं. आत्याने वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि माडाच्या आळ्यात भिरकावला.

अमेरिकन डॉक्टर हॅरिसन मार्टलंड यांनी बॉक्सरांच्या मेंदूवरचा लेख लिहिला १९२८ मध्ये. म्हणजे अली जन्मायच्या चौदा वर्षं आधी हे छापून झालं होतं. १९४७ मध्ये रॉबिन्सनचा डावा हुक खाऊन जिमी डॉइल नावाचा तरुण मेला. चौकशीत रॉबिन्सनला विचारलं, तो अडचणीत आहे हे तुला दिसत होतं का? त्याने सांगितलं, त्याला अडचणीत आणणं हेच माझं काम आहे. इतकं प्रामाणिक उत्तर या खेळाबद्दल दुसऱ्या कोणी दिलेलं मला माहीत नाही. कबड्डीत गुडघा जातो, क्रिकेटमध्ये चेंडू डोक्यात बसतो, पण तो अपघात. बॉक्सिंगमध्ये समोरच्याचा मेंदू क्षणभर बंद पाडणं यालाच नॉकआउट म्हणतात आणि त्यावर टाळ्या पडतात. हातमोजे मुठीची हाडं वाचवतात. डोक्याला ते काही वाचवत नाहीत. १९८२ मध्ये कोरियाचा किम दुक-कू मेला, तेव्हा कुठे पंधरा राऊंडच्या लढती बारावर आणायला सुरुवात झाली. पुढच्याच वर्षी जागतिक वैद्यकीय संघटनेने बॉक्सिंग बंद करा असं म्हटलं. अलीच्या डॉक्टरने १९७७ मध्येच त्याच्या मूत्रपिंडांचे अहवाल दाखवून थांबायला सांगितलं, कोणी ऐकेना म्हणून स्वतःच काम सोडलं. त्यानंतर अली आणखी चार लढती लढला. १९८४ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, पार्किन्सनचं निदान झालं. आजारात ठोशांचा वाटा नेमका किती, यावर डॉक्टर वाद घालोत. रॉबिन्सनलाही शेवटी अल्झायमरने गाठलं.

आपल्याकडचं एक नाव मला या वादात नेहमी आणावंसं वाटतं: कौर सिंग. सैन्यातला बॉक्सर. १९८० च्या जानेवारीत अली भारतात आला तेव्हा दिल्लीत त्याच्याशी प्रदर्शनीय लढत लढला. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये हेवीवेटचं सुवर्ण, अर्जुन पुरस्कार, मग पद्मश्री. आणि २०१७ मध्ये बातमी काय, तर हृदयाच्या उपचारासाठी त्याला खासगी कर्ज काढावं लागलं. तेव्हा कुठे मदत धावून आली. आपल्या देशात बॉक्सरला शिडी आहे ती सैन्य, रेल्वे आणि पोलीस खात्यातली नोकरी. हरियाणातल्या भिवानीत पोरं पहाटे उठतात ती नोकरीसाठीही उठतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण नोकरीसाठी डोकं पणाला लावायचं का, हे ठरवायला त्या पोराला दुसरा पर्याय तरी हवा.

हे सगळं आज लिहायचं कारण असं, की आमच्या तालुक्यात बॉक्सिंगचं केंद्र काढायचं चाललंय. माझा विरोध नाही. मेरी कोमने सहा जागतिक सुवर्णं आणि लंडनचं कांस्य आणल्यानंतर, निखत झरीन आणि लव्हलिना डोळ्यांसमोर असताना, गावच्या मुलींनी मूठ आवळायला शिकू नये असं कोण म्हणेल? आमच्या शेजारची नववीतली पोर दोरीवरच्या उड्या आणि पायांची हालचाल शिकायला लागली तेव्हापासून एसटी स्टँडवर खांदे पाडून उभी राहत नाही, हे मी रोज बघतो. बंदीने काही साधत नाही. स्वीडनने १९७० मध्ये आणि नॉर्वेने १९८१ मध्ये व्यावसायिक बॉक्सिंगवर बंदी घातली, दोघांनीही ती पुढे मागे घेतली. माझं मागणं एवढंच होतं: बॅग, दोरी, फुटवर्क सगळ्यांना शिकवा, अठरा पुरे होईपर्यंत सरावात डोक्यावर मारायचं नाही, लढत असेल त्या दिवशी दाराशी रुग्णवाहिका आणि 'थांबवा' म्हटल्यावर ज्याचं ऐकलं जाईल असा डॉक्टर, आणि पोराला एकदा जरी भोवळ आली तरी महिनाभर घरी. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. इतिवृत्तात यातलं रुग्णवाहिकेचं तेवढं आलं.

उद्घाटनाच्या बॅनरवर अलीचा तो नेहमीचा फोटो घेतलाय. खाली लिस्टन पडलेला, वर अली हात आखडून ओरडतोय. मी सुचवलं की अलीच लावायचा असेल तर १९९६ चा लावा. अटलांटाची रात्र, हातात ऑलिंपिकची ज्योत, दुसरा हात थरथरतोय, आणि तरी तो जागचा हलत नाही. आयोजकांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "भाऊ, बॅनर छापून आलाय."